थायरॉईडची गोळी: रिपोर्ट चांगला आला म्हणून थांबवू नका

ताईंनो, "रिपोर्ट नॉर्मल आला, आता गोळी कशाला?" असं बैठकीत बऱ्याचदा ऐकू येतं. पण रिपोर्ट नॉर्मल आलाय तो गोळीमुळेच!

गळ्यातली थायरॉईड ग्रंथी कमी काम करू लागली की थकवा येतो, वजन वाढतं, थंडी सोसत नाही, पाळी बिघडते. गोळी ग्रंथी दुरुस्त करत नाही. कमी पडणारं हार्मोन ती रोज भरून काढते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

गोळी कशी घ्यायची?
सकाळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी सोबत घेतली, तर थायरॉईडची गोळी अंगी लागत नाही. मध्ये ४ तास जाऊ द्या. सकाळी ६ ला थायरॉईडची, तर लोहाची दुपारी.

तपासणी कधी?
डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच तपासा. डोस बसला की साधारण वर्षातून एकदा. केसांसाठी बायोटिनची गोळी चालू असेल तर आधी सांगा, रिपोर्ट चुकू शकतो.

दिवस गेले तर?
गोळी चालूच ठेवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. बहुतेक वेळा डोस वाढवावा लागतो. बाळाच्या मेंदूच्या वाढीसाठी हे हार्मोन लागतंच.

पुढच्या बैठकीला आपापल्या गोळ्या आणि शेवटचा रिपोर्ट घेऊन या. कोणती गोळी किती वाजता, ते प्रत्येकीच्या कागदावर लिहून घेऊ.