चार खांब, एक छप्पर आणि परवानगी

सकाळी ७
मे महिन्यात साइटची कामं ऊन चढण्याआधी उरकावी लागतात. नागपूरच्या धंतोलीतल्या एका जुन्या बंगल्याच्या मागच्या अंगणात सागाचे चार खांब उभे राहताहेत. खांब थेट जमिनीत गाडायचे, असा मिस्त्रींचा बेत होता. मी काँक्रीटचा ठोकळा करून त्यावर लोखंडी पाया बसवायला लावला. काळी माती पावसाळ्यात ओल धरते आणि वाळवी खालूनच चढते. "मॅडम, चार खांब त आहेत, याले कायची परवानगी जी?" मिस्त्री विचारतात. मी टेप काढते आणि कुंपणभिंतीपासूनचं अंतर मंजूर नकाशाशी ताडून पाहते. परवानगी कशाला लागते ते त्या नकाशातच आहे.

सकाळी १०
ऑफिसात एक काका वाट पाहताहेत. मुलगा इंग्लंडला असतो. त्यानं तिथल्या बागेतल्या लाकडी खोलीचा फोटो पाठवलाय आणि काकांना तशीच खोली आंब्याशेजारी हवी आहे. "लाकडाचीच तर आहे गं, उद्या नको वाटली तर उचलून ठेवू."

इंग्लंडमध्ये १५ चौरस मीटरपर्यंतच्या, झोपण्याची सोय नसलेल्या अशा खोलीला सहसा बांधकाम-नियमांची मंजुरी लागत नाही. आपल्याकडे ती सूट नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्यानं आणलेली एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली नागपूरला लागू आहे. बांधकाम कशाचं आहे आणि त्यात कुणी राहतं का, हे तिच्यातल्या इमारतीच्या व्याख्येत बघितलंच जात नाही. समारंभापुरते रीतसर घातलेले शामियाने आणि ताडपत्रीचे आडोसे तेवढे त्यातून वगळले आहेत. काकांची खोली या अपवादात बसत नाही. तिचं क्षेत्रफळ एफएसआयमध्ये (चटई क्षेत्र निर्देशांकात) धरलं जाणार आणि प्लॉटच्या हद्दीपासूनचं सामासिक अंतरही तिला सोडावं लागणार.

दुपारी १२
आता कागदावर काम. जुन्या नकाशावर बंगला, आउटहाउस आणि गॅरेज आखून घेतलं की काकांच्या प्लॉटवर किती एफएसआय शिल्लक आहे ते कळतं. खोली बसेल, पण त्यांना वाटते तिथे नाही. मग दुसरा पर्याय काढते, पर्गोला. नियमावलीतल्या पर्गोलाच्या छताचा निम्म्याहून जास्त भाग आभाळाला खुला असतो. वर पॉलिकार्बोनेटचे पत्रे टाकले की तो पर्गोला राहत नाही, आणि लोक नेमकं तेच करतात, पहिला पाऊस आला की. झोपाळा, बाक, कारंजं, झाडाभोवतीचा पार या गोष्टी मोकळ्या अंतरात चालतात. आंब्याला मात्र हात लावायचा नाही. झाडं तोडण्यावर १९७५ चा कायदा आहे आणि त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

दुपारी ३
लकडगंजचा लाकूडबाजार. आरा मशीनच्या आवाजात बोलणं जमत नाही, म्हणून भाव घनफुटानं कागदावरच लिहून होतो. इथे गडचिरोली-चंद्रपूरचा साग मागितला जातो. मी आधी बिल आणि वाहतूक परवाना बघते, मग लाकूड. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास असला तरच उचलायचं. ओलं लाकूड नागपूरच्या उन्हात आकसतं, सांधे उघडे पडतात आणि दोष सुताराच्या माथी येतो. बांबूचा विचार करणाऱ्यांनाही एक सोय झाली आहे. २०१७ च्या दुरुस्तीनं भारतीय वन अधिनियमातल्या झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला.

संध्याकाळी ५.३०
परत धंतोलीत. इथल्या दवाखान्यांचा आणि गाड्यांचा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. एका दवाखान्यानं रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बाजूच्या अंतरात लाकडी मंडप घातलाय. हेतू चांगला, जागा चुकीची. अग्निशमनाची गाडी जिथून फिरायची तिथेच जळणारं छप्पर. "तात्पुरतंच आहे," व्यवस्थापक म्हणतात. मी १९६६ चा प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम उघडते. विनापरवाना पक्क्या बांधकामाला कलम ५३ खाली नोटीस मिळते. तात्पुरत्या बांधकामाला कलम ५५ आहे, आणि त्यात १५ दिवसांत काढा असा आदेश देता येतो. म्हणजे 'तात्पुरतं' म्हटल्यानं कायद्यातून सुटका होत नाही. मंडप मागच्या अंगणात हलवायचा आणि आधी अर्ज करायचा, असं ठरतं.

रात्री ८.३०
काकांचा अर्ज तयार करते. मालकीचा कागद, मंजूर नकाशा, नवीन नकाशा, सामासिक अंतरं. खोलीऐवजी पर्गोला आणि पार त्यांना पटलाय. मुलाला मात्र अजून पटायचाय.

बागेत काही उभारायचं असेल तर तीन प्रश्न आधी विचारा. वर छप्पर येणार का? हद्दीपासून अंतर सुटतंय का? आणि एफएसआय शिल्लक आहे का? वास्तुविशारदाकडून याची उत्तरं लेखी घ्या, परवानगी हातात येऊ द्या, आणि मगच सुताराला बयाणा द्या.