दुकान पडद्यावरचं, भाग ६ : कुणाला, कितीचं आणि कधीपर्यंत?

तुळशीबागेत किंवा दादरच्या रानडे रोडवर भेटवस्तूंच्या दुकानात शिरा. काउंटरवरचा मुरलेला माणूस ‘काय हवंय?’ असं क्वचितच विचारतो. तो विचारतो, ‘कुणाला द्यायचंय?’ मग ‘साधारण कितीपर्यंत?’ आणि लगेच, ‘कधी लागणार?’ एवढ्यावर तो मागच्या फळीवरून चार वस्तू काढून समोर मांडतो. बाकीच्या दोनशे वस्तू गिऱ्हाइकाला दिसतही नाहीत आणि त्याचं काही अडत नाही.

आता अशाच एखाद्या दुकानाची वेबसाइट उघडा. वर फिरता बॅनर, त्यात ‘आमच्या दुकानात आपलं स्वागत आहे’, आणि खाली विभाग : पितळ, लाकूड, कापड, कागद. माल गोदामात लावायला ही विभागणी उत्तम. पण भाच्याच्या मुंजीला काय न्यावं या विवंचनेत असलेल्या मामाला पितळ की लाकूड हा प्रश्न मुळात पडलेलाच नसतो. तो दोन-तीन पानं चाळतो आणि पाकिटात पैसे घालून मोकळा होतो.

गेल्या भागात आपण वस्तूंचे फोटो कसे असावेत ते पाहिलं. या भागात फक्त छोटी भेटवस्तूंची दुकानं घेऊ, कारण त्यांचा मामला वेगळा आहे. बूट जो विकत घेतो तोच घालतो. भेटवस्तूचं तसं नाही : पैसे एकाचे, वस्तू दुसऱ्याची, पत्ता बहुतेकदा तिसऱ्याच गावचा. शॉपिफायची किंवा वूकॉमर्सची तयार थीम यातलं काहीच गृहीत धरत नाही, कारण ती स्वतःसाठी खरेदी करणाऱ्याला समोर ठेवून आखलेली असते. ती जशीच्या तशी उचलली की दुकान दिसतं चकचकीत, पण विक्री रडतखडत होते.

उदाहरणासाठी एक दुकान डोळ्यांसमोर आणू. घरातूनच चालणारं. साठ-सत्तर वस्तू, दीडशे रुपयांपासून अडीच हजारांपर्यंत : लाकडी करंडे, सावंतवाडीची लाकडी फळं, खणाचे बटवे, पितळी निरांजनं, घडीचे आकाशकंदील. इन्स्टाग्रामवर कौतुक भरपूर, साइटवर येणारेही बरे, ऑर्डरी मात्र तुरळक. अशा वेळी मालकीणबाईंना पहिला सल्ला मिळतो तो रंग बदलण्याचा. कुणी म्हणतं गुलाबी करा, कुणी म्हणतं लोगो जुनाट दिसतो. माझं ऐकाल तर रंगाला इतक्यात हात लावू नका. तो बॅनर तेवढा काढा. फिरत्या बॅनरमधलं दुसरं चित्र बघण्यासाठी थांबणारं गिऱ्हाईक फार थोडं, आणि त्या चित्रांचा बोजा मात्र प्रत्येकाच्या मोबाइलवर पडतो.

त्या जागी निमित्तं मांडा : वाढदिवस, मुंज, बारसं, वास्तुशांत, हळदीकुंकवाचं वाण, भाऊबीज. त्याखाली किमतीचे टप्पे : दोनशेच्या आत, पाचशेच्या आत, हजाराच्या आत. ‘पितळ-लाकूड’ काढून टाकायची गरज नाही, त्याला तळाशी जागा द्या. एकच करंडा ‘वाण’ मध्येही दिसू दे आणि ‘पाचशेच्या आत’ मध्येही. आणि निमित्तांचा क्रम दिनदर्शिकेप्रमाणे हलता ठेवा. मकर संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत वाण सगळ्यांत वर, श्रावण लागला की राखी.

प्रत्येक निमित्ताखाली किती वस्तू दाखवायच्या? शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० साली प्रसिद्ध झालेला जॅमचा प्रयोग अनेकांनी ऐकला असेल. कॅलिफोर्नियातल्या एका किराणा दुकानात चाखायला कधी २४ प्रकारचे जॅम ठेवले, कधी ६. चोविसांच्या टेबलापाशी जास्त लोक थबकले, पण थबकलेल्यांपैकी खरेदी केली जेमतेम ३ टक्क्यांनी. सहांच्या टेबलापाशी थांबलेल्यांपैकी ३० टक्क्यांनी. मार्केटिंगच्या वर्गात गोष्ट इथेच संपवतात. पुढचं असं की २०१० मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. २०१५ च्या आणखी एका अभ्यासाने त्याचा बराचसा उलगडा केला : आपल्याला काय हवं हे ज्याला ठाऊक आहे, त्याला भरपूर पर्यायांचा फारसा जाच होत नाही. ज्याची आवड-निवड ठरलेलीच नाही, तो मात्र गांगरतो. भेटवस्तू घेणारा नेमका याच दुसऱ्या गटातला, कारण आवड त्याची नाहीच, समोरच्याची आहे. म्हणून पहिल्या पडद्यावर सहा-आठ वस्तू पुरेत. बाकीच्या ‘आणखी पाहा’च्या मागे.

आता वस्तूच्या पानावर जाऊ. खरी गळती तिथेच असते.

लाकडी करंड्याचं पान घ्या. नेहमीचा मजकूर असा : ‘हस्तकलेचा अप्रतिम नमुना, आपल्या प्रियजनांसाठी खास.’ यातून गिऱ्हाइकाला काय कळलं? करंडा मुठीत मावेल की ओंजळभर आहे, आत हळद-कुंकवाचे दोन कप्पे आहेत की एकच, झाकण फिरकीचं की नुसतं ठेवायचं, रंग हाताला लागतो का, तो खोक्यात येतो की वर्तमानपत्रात गुंडाळून? त्या ओळीऐवजी लिहा : ‘उंची ७ सेंटिमीटर, आत दोन कप्पे, फिरकीचं झाकण. पुठ्ठ्याच्या छोट्या डबीत येतो, वेगळं गुंडाळावं लागत नाही.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत मोलाचं. भेट देणाऱ्याला वस्तूइतकीच काळजी ती हातात देताना कशी दिसेल याची असते. म्हणून एक फोटो बंद डबीचा हवा, आणि एक तळहातावर ठेवलेल्या करंड्याचा.

वाणाच्या बाबतीत तर बहुतेक साइट स्वतःच विक्री अडवतात. हळदीकुंकवाला घरी तीस-चाळीस बायका येणार. एक करंडा कोण घेणार? तरी संख्येच्या चौकटीत ‘१’ आणि शेजारी अधिकचं चिन्ह. चाळीसपर्यंत जायला एकोणचाळीस वेळा बोट टेकवायचं. काही ठिकाणी दहाच्या पुढे आकडाच सरकत नाही. त्याऐवजी तीन बटणं द्या : २५, ५०, १००, प्रत्येकाखाली नगाचा भाव. शिवाय चौथं, ‘आधी एक नमुना मागवा’. आणि तो भाव तिथेच लिहा. ‘किंमत डीएम’ ही इन्स्टाग्रामवरची खोड साइटवर आणू नका. भाव विचारायला संकोचणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत, ते न विचारताच निघून जातात.

आता ‘कधीपर्यंत’. किमतीच्या लगेच खाली पिनकोडची चौकट हवी. ४४०००१ टाकलं की उत्तर यावं : ‘नागपूर, शनिवारपर्यंत पोचेल.’ ‘३ ते ७ कामकाजाचे दिवस’ हे उत्तर नव्हे. त्यात रविवार धरायचा का, पाडव्याची सुट्टी धरायची का, हे गणित गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारलेलं असतं, आणि भाऊबीज उलटून गेल्यावर पोचलेल्या भेटीला अर्थ नसतो. दिवाळीच्या आधी तर मुखपृष्ठावरच ठळक तक्ता लावा : भाऊबीजेपूर्वी पोचायला महाराष्ट्रात शेवटची ऑर्डर कोणत्या तारखेपर्यंत, बाहेर कोणत्या. (जाता जाता : ज्या पिनकोडवर हा सगळा व्यापार उभा आहे तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, आणि त्याची आखणी करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारातले अधिकारी तर होतेच, शिवाय संस्कृतचे कवीही. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड.)

ऑर्डरचा फॉर्म हा माझ्या लेखी या सगळ्यातला सर्वांत दुर्लक्षित भाग. पहिला प्रश्न हवा : ‘स्वतःकडे मागवायचं की थेट त्यांच्याकडे पाठवायचं?’ दुसरा पर्याय निवडला की फॉर्म बदलला पाहिजे. पाठवणाऱ्याचं नाव-फोन वेगळं, घेणाऱ्याचं वेगळं. कुरिअरवाल्याने फोन कुणाला करायचा हेही विचारा, नाहीतर वाढदिवसाची गंमत आदल्या दिवशीच्या मेसेजने फुटते. दोन ओळींचा मजकूर लिहायला जागा द्या आणि तो कार्डावर कसा उमटेल ते तिथल्या तिथे दाखवा. किमतीचा कागद डबीत जाणार नाही असं लिहा. कुरिअरसाठी लागणारं बिल खोक्याबाहेरच्या पाकिटात राहणार असेल तर तेही सांगून टाका. आणि हो, थेट पाठवायची ऑर्डर असेल तर ‘कॅश ऑन डिलिव्हरी’चा पर्याय दिसताच कामा नये. आत्याबाईंच्या दारात कुरिअरवाला उभा राहून त्यांच्याच भेटीचे ८४९ रुपये मागतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणा.

परदेशातून आईवडिलांना भेट पाठवणारी मुलं हे अशा दुकानांचं हक्काचं गिऱ्हाईक. त्यांना फॉर्म दारातच अडवतो. फोनच्या चौकटीत देशाचा कोड बसत नाही, राज्यांच्या यादीत महाराष्ट्र आहे पण टेक्सास नाही, आणि परदेशी कार्ड चालत नाही हे सगळं भरून झाल्यावर कळतं. पैसे देणाऱ्याचा पूर्ण पत्ता खरोखर लागतो का ते पाहा. लागत नसेल तर विचारूच नका. कार्ड चालत नसेल तर ते वस्तूच्या पानावरच लिहा.

खातं उघडायची सक्तीही नको. जारेड स्पूल यांनी २००९ मध्ये एका बड्या अमेरिकी दुकानाची हकीकत लिहिली होती. पैसे भरण्याआधी तिथे ‘नोंदणी करा’ असं बटण होतं. ते काढून ‘पुढे चला’ असं केलं आणि खातं नसलं तरी खरेदी करता येईल अशी एक ओळ लिहिली. खरेदी पूर्ण करणारे ४५ टक्क्यांनी वाढले, पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची भर पडली. तुमच्या साइटवर कोटी वाढणार नाहीत, हे उघड आहे. पण वर्षातून एकदा, एका बारशासाठी आलेल्या माणसाला पासवर्ड बनवायला लावण्यात तुमचाही काही फायदा नाही.

कुरिअरच्या खर्चाबाबत मात्र थोडं थांबायला हवं. डेन्मार्कमधली बेमार्ड इन्स्टिट्यूट वर्षानुवर्षं सांगते आहे की ऑनलाइन भरलेल्या टोपल्यांपैकी सुमारे ७० टक्के टोपल्या पैसे न भरता सोडून दिल्या जातात. त्यातले पुष्कळजण नुसते बघेच असतात. पण बाकीच्यांच्या कारणांमध्ये शेवटी अचानक वाढलेला खर्च सगळ्यांत वर. छोट्या दुकानाची अडचण खरी आहे, कुरिअर महाग पडतं. आकाशकंदील बघा. वजन ३०० ग्रॅम, पण ३० बाय २५ बाय २० सेंटिमीटरच्या खोक्यात घातला की अनेक कुरिअर कंपन्यांच्या ५००० ने भागायच्या हिशेबात तो ३ किलोचा होतो. तो घडी घालून पाठवला तर खर्च कितीतरी उतरतो. खोक्याचं माप बदलणं हाही दुकानाच्या रचनेचाच भाग समजा. उरलेला खर्च किमतीतच धरा किंवा वस्तूच्या पानावर लिहा : ‘४५० + ६० कुरिअर, महाराष्ट्रात’. शेवटच्या पानावर दडवू नका.

इथे एक इशारा. विक्री वाढवायची म्हणून ‘फक्त २ शिल्लक’ अशा खोट्या पाट्या, उलटी धावणारी घड्याळं आणि आधीच खूण केलेलं ‘गिफ्ट रॅप ४० रुपये’ सर्रास दिसतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा १३ फसव्या क्लृप्त्यांची यादीच काढून त्यांना मनाई केली आहे. खोटी घाई, गिऱ्हाइकाला न विचारता टोपलीत सरकवलेली वस्तू आणि हप्त्याहप्त्याने उघड होणारी किंमत, तिन्ही त्यात आहेत. हे नियम फक्त बड्या कंपन्यांना लागू आहेत अशा भ्रमात राहू नका. गिफ्ट रॅपची चौकट रिकामी ठेवा आणि गुंडाळलेल्या खोक्याचा चांगला फोटो शेजारी लावा. ज्यांना हवं ते खूण करतील.

वेगाबद्दल थोडक्यात. फोनमधून काढलेले चार-चार एमबीचे फोटो तसेच चढवू नका, वेबपी प्रकारात लहान करा. पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा हा गूगलचा निकष, आणि तो तपासायचं पेजस्पीड इनसाइट्स हे साधन फुकट आहे. वस्तूच्या वर्णनात ‘हळदीकुंकू’ देवनागरीत असू द्या आणि रोमन लिपीतही, कारण मराठी माणूस शोधताना बहुधा रोमन कीबोर्डच वापरतो.

या आठवड्याचं काम एवढंच : तुमचं दुकान कधीच न पाहिलेल्या पाच जणांना गाठा. मावशी चालेल, शेजारचा मुलगा चालेल, एखादी परदेशातली मैत्रीण असेल तर उत्तम. प्रत्येकाच्या हातात त्यांचाच फोन असू द्या आणि सांगा : ‘साठीच्या काकूंना पाचशेच्या आत काहीतरी घे, पुढच्या शनिवारपर्यंत नागपूरला पोचलं पाहिजे.’ मग गप्प बसा. ‘अगं, खाली बघ ना’ असं तोंडातून निघालं की समजा, ती जागा दुरुस्त करायची आहे. ती लिहून घ्या. संक्रांतीच्या ऑर्डरी डिसेंबरातच सुरू होतात, तेव्हा हे काम पुढे ढकलू नका. पुढच्या भागात फुटलेला माल, बदलून देणं आणि परताव्याचं पान.