कॉल परदेशी, फोटो गावभर

परितेवाडी हे सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं छोटं गाव. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये १० लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ हा पुरस्कार मिळाला आणि निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटून दिली, हे अनेकांना आठवत असेल. त्यांनी पाठ्यपुस्तकांत आणलेले क्यूआर कोडही आठवत असतील. त्यांच्या आणखी एका कामाची चर्चा मात्र कमी झाली. भारत-पाकिस्तान, इस्राएल-पॅलेस्टाईन, इराण-इराक अशा एकमेकांशी बिनसलेल्या देशांतल्या मुलांना त्यांनी इंटरनेटवरून बोलतं केलं.

आपल्या वर्गाला हे जमेल का, असं कितीतरी शिक्षकांच्या मनात येतं. जमतं, आणि सुरुवात एका खेळाने करता येते. ‘मिस्ट्री स्काइप’ या नावाने तो जगभर खेळला गेला. स्काइप मे २०२५ मध्ये बंद झालं, पण खेळ कुठल्याही व्हिडिओ कॉलवर चालतो. समोरचा वर्ग कुठला, हे फक्त दोघा शिक्षकांना ठाऊक असतं. मुलांनी ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारून जागा ओळखायची. तुम्ही विषुववृत्ताच्या उत्तरेला आहात का? तुमच्या देशाला समुद्रकिनारा आहे का? दोघी नकाशावर वाकलेल्या, एक जण उत्तरं लिहून घेतोय, एक जण पुढचा प्रश्न इंग्रजीत जुळवतोय. अक्षांश-रेखांशाचा धडा एरवी इतका कामी येताना दिसत नाही.

अडते ती वेळ. लंडनमध्ये सकाळी नऊला शाळा भरते तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच वाजलेले असतात, म्हणजे जमतं. जपानही जमतो, फक्त आपण सकाळीच कॉल लावायचा. अमेरिकेसाठी मात्र कुणाला तरी रात्री जागावं लागतं. अशा वेळी आयअर्न या १९८८ पासूनच्या शिक्षक-जाळ्यातला टेडी बेअरचा उपक्रम मला फार आवडतो. दोन वर्ग एकमेकांना टपालाने खेळण्यातला प्राणी पाठवतात आणि पाहुण्या प्राण्याच्या नावाने मुलं रोजनिशी लिहून पलीकडे कळवतात. त्यासाठी दोन्ही वर्गांनी एकाच वेळी जागं असायची गरज नाही.

आता जपायचं काय? पालकांना धास्ती असते ती परदेशातल्या अनोळखी माणसाची. ती रास्तच आहे, पण माझ्या मते मोठी गळती कॉल संपल्यानंतर आपल्याच हातून होते. उपक्रम झाला की फोटो हवाच, कारण अहवालाला पुरावा लागतो. तो शाळांच्या केंद्राच्या ग्रुपवर जातो, तिथून गावाच्या ग्रुपवर, मग फेसबुकवर, कुणाच्या तरी स्टेटसला. हा फोटो एकदा मोठा करून पाहा. मुलीच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर नाव, इयत्ता आणि वडिलांचा मोबाईल नंबर वाचता येतो. भिंतीवर शाळेचं नाव आणि यू-डायस हा शाळेचा सरकारी क्रमांक रंगवलेला आहे. स्क्रीनवर पलीकडच्या मुलांचे चेहरे, खाली त्यांची नावं, कोपऱ्यात मीटिंगचा आयडी. त्या मुलांच्या आईवडिलांना आपण कधी विचारलं होतं?

युरोपीय आयोगाने २००५ मध्ये सुरू केलेल्या ई-ट्विनिंग या शाळा जोडणाऱ्या उपक्रमात याचा विचार आधीच केलेला आहे. शिक्षक खरंच त्या शाळेतला आहे का, हे त्या-त्या देशातली संस्था तपासते. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःची बंद जागा मिळते आणि मुलांना तिथे शिक्षकच आत घेतात. आपल्या शिक्षकाला ही व्यवस्था स्वतःच उभी करावी लागते. पलीकडच्या शिक्षकाची खातरजमा त्याच्या शाळेच्या अधिकृत ईमेलवरून करावी, मुलांआधी दोघांनी एकदा बोलून घ्यावं. कॉल शाळेच्या खात्यावरून, वेटिंग रूम चालू ठेवून लावावा. पडद्यावर आडनाव नको, ओळखपत्रं दप्तरात. फोटो पाठमोरा घ्यावा किंवा फक्त मुलांच्या नकाशाचा घ्यावा. अहवालाला तेवढा पुरेसा आहे, आणि वरिष्ठांनी तो पुरेसा मानला पाहिजे. मुलांचे चेहरे मागणारा पुरावा बंद व्हायला हवा.

शिक्षकाचं स्वतःचं खातं वेगळं आणि शाळेचं वेगळं, हे पथ्य शिक्षकालाही वाचवतं. विद्यार्थ्याशी खासगी चॅटवर बोलू नये. जे सांगायचं ते वर्गाच्या ग्रुपवर, जिथे पालकही आहेत. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावून ठेवावं, कारण ते दुसऱ्याच्या हाती गेलं की सगळ्या पालकांचे नंबरही गेले.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याच्या डेटासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीवर भर देतो. वर्षाच्या सुरुवातीला घेतलेली सरसकट सही इथे पुरत नाही. पालकसभेत सांगावं: कोणत्या देशाशी, कोणत्या ॲपवरून, रेकॉर्डिंग होणार का, ते कधी पुसणार. एखाद्या आईने नाही म्हटलं तर तिच्या मुलाला कॅमेऱ्याबाहेरचं काम द्यावं. नकाशा सांभाळणारा खेळाडू तसाही लागतोच.

एवढं करूनही कुणी त्रास दिला तर संदेश पुसू नयेत. आधी स्क्रीनशॉट, मग ब्लॉक, त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि पालकांच्या कानावर. सायबर गुन्ह्यासाठी १९३० आणि मुलांसाठी १०९८ हे क्रमांक आहेत. ते कॉलच्या आदल्या दिवशीच मुलांच्या वहीत उतरवून द्यावेत.