डिझेल घ्यावी का, आणि गिअरबॉक्स कुठला?

मघाशी एकांनी विचारलं, "कळंब्यात राहतो, दर आठवड्याला पुण्याला जातो. डिझेल घेऊ का?" घ्या. पुणं साधारण 230 किलोमीटर, म्हणजे जाऊन-येऊन वर्षाला वीस हजारांच्या वर. पण गाडी कळंबा ते रंकाळा एवढीच फिरणार असेल, तर नको. एप्रिल 2020 पासून बीएस-6 आलं. या डिझेल गाड्यांत धुरातली काजळी अडवायला गाळणी असते, डीपीएफ म्हणतात तिला. साठलेली काजळी जळायला ती सुमारे 600 अंश तापावी लागते. दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ती तापतच नाही, तुंबते; मग डॅशबोर्डवर दिवा! हायवेला सलग वीसेक मिनिटं चाललात, की बहुतेकदा आपोआप साफ होते.

गिअरबॉक्स? सहा गिअरचा मॅन्युअल पुरेसा. सहाव्यात तोच वेग इंजिनाच्या कमी फेऱ्यांत मिळतो. ऑटोमॅटिकच हवा तर टॉर्क कन्व्हर्टर. एएमटी स्वस्त, पण ट्रकला ओव्हरटेक करताना गिअर बदलायला क्षणभर अडखळतो, तो क्षण मला नको वाटतो. घाट उतरताना हाताने खालचा गिअर टाकता येतो ना, तेही बघा. नुसत्या ब्रेकवर उतरलात तर ब्रेक तापतात. शोरूमवाले रंकाळ्याला चक्कर मारून आणतील. तुम्ही हट्टाने कागलपर्यंत हायवेला न्या.