तळेगांवचें समर्थ विद्यालय व त्याचे कागद

पुण्याहून लोणावळ्याकडे लोहमार्गानें जातांना बेगडेवाडी व घोरावाडी हीं स्थानकें मागें पडलीं म्हणजे तळेगांव लागतें. सेनापति दाभाडे यांच्या घराण्यामुळें हा गांव इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. येथील सनदा आणि वंशावळी यांकडे संशोधकांचें लक्ष साहजिकच जातें. परंतु शाळेचा कागद हा संग्रहास योग्य असें मानण्याची चाल आपल्यांत अद्याप पडलेली नाहीं. म्हणून याच गांवच्या समर्थ विद्यालयाची हकीकत, व तिचे कागद कोठें शोधावेत याचा विचार, येथें थोडक्यांत देत आहों.

विद्यालयाचे संस्थापक विष्णु गोविंद विजापूरकर (१८६३–१९२६) हे कोल्हापुरास राजाराम कॉलेजांत अध्यापक होते. आमच्या वाचकांस ते दुसऱ्या नात्यानें अधिक जवळचे वाटतील. त्यांनीं १८९४ सालीं काढलेल्या ‘ग्रंथमाला’ मासिकाच्या द्वारें राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेचे कांहीं खंड प्रकाशांत आले. जुने कागद छापून काढणें आणि मुलांस मातृभाषेंतून शिकविणें हीं दोन्ही कामें या गृहस्थांच्या मनांत एकाच कार्याचीं अंगें होतीं, असें आम्हांस वाटतें. डिसेंबर १९०६ मध्यें कलकत्त्याच्या राष्ट्रीय सभेनें स्वराज्य, स्वदेशी व बहिष्कार यांबरोबर राष्ट्रीय शिक्षणाचाही ठराव केला. विजापूरकरांचें समर्थ विद्यालय त्याच सुमाराचें. तें प्रथम कोल्हापुरास होतें. पुढें तळेगांवास आलें.

या शाळेचें वेगळेपण ध्यानीं येण्यास त्या काळच्या साधारण इंग्रजी शाळेची घडण पाहिली पाहिजे. मुलगा मराठी चौथी होऊन इंग्रजी पहिलींत येई. इंग्रजी इयत्ता सात; पैकीं पहिल्या तिन्ही मिडल स्कूलच्या व पुढील चार हायस्कूलच्या. सातव्या इयत्तेच्या शेवटीं मॅट्रिक्युलेशनची परीक्षा. मुंबई युनिव्हर्सिटी १८५७ सालीं स्थापन झाली व तिची ही पहिली परीक्षा १८५९ सालीं झाली. तेव्हांपासून या एका परीक्षेनें खालच्या साऱ्या इयत्तांस आपल्या मागें ओढलें. वरच्या इयत्तांत गणित आणि इतिहास हे विषयही इंग्रजींतून शिकावयाचे. शाळा खासगी असली तरी १८५४ च्या खलित्यानंतर तिला सरकारी ग्रँट मिळूं शके; मात्र ग्रँट म्हटली कीं इन्स्पेक्टर आला, इन्स्पेक्टर आला कीं त्याचा शेरा, हजेरीपटाची तपासणी व फीच्या हिशेबाची झडती हीं आलींच. अशा शाळेचा इतिहास लिहिणारास फारसे कष्ट पडत नाहींत. शिक्षणखात्याचीं दफ्तरें व वार्षिक अहवाल पाहिले म्हणजे निम्में काम होतें.

राष्ट्रीय शाळेनें ही सांखळीच तोडली. ग्रँट नको, म्हणून तपासणी नाहीं. युनिव्हर्सिटीची मान्यता नको, म्हणून परीक्षेचा निकाल नाहीं. शिक्षणाची भाषा मराठी असावी व हातास कांहीं उद्योग लागावा हा विजापूरकरांचा आग्रह होता. औद्योगिक शिक्षणाची हौस त्या वेळीं तळेगांवांत नुसती बोलण्यापुरती नव्हती. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडांतून १९०८ सालीं येथेंच कांचेचा कारखाना निघाला व ईश्वरदास वार्ष्णेय यांच्यासारखे जाणते गृहस्थ त्या कामास मिळाले. माणशीं एक पैसा मागून कारखाना उभा करणें आणि ग्रँटीवांचून शाळा चालविणें यांत मनोवृत्ति एकच दिसते.

परंतु जी शाळा शिक्षणखात्यास दिसेनाशी झाली ती दुसऱ्या खात्यास फार स्पष्ट दिसूं लागली. १९०८ मध्यें विजापूरकरांच्या ‘विश्ववृत्त’ मासिकांत श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख आला. त्यावर खटला होऊन विजापूरकर व संपादक वामन मल्हार जोशी यांस तीन-तीन वर्षांची शिक्षा झाली. हे जोशी म्हणजे पुढें ‘रागिणी’ लिहिणारेच, एम. ए. होऊन ते याच विद्यालयांत शिकविण्यास आले होते. १९१० सालीं सरकारनें विद्यालयही बंद केलें. त्याच वर्षीं जुलैंत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें हा योगायोग नमूद करून ठेवतों. त्यावरून अनुमान कांहींच काढीत नाहीं.

१९१८ सालीं तळेगांवांत ‘नवीन समर्थ विद्यालय’ सुरू झालें. तें जुन्याचेंच पुढील रूप मानावें कीं निराळें? उत्सवाचीं वर्षें मोजणारांस पहिला पक्ष सोयीचा. आमच्या मतें स्थळ, संस्थापक व हेतु हीं तिन्ही तींच असल्यामुळें परंपरा एक आहे. पण संस्था दोन आहेत, आणि ‘नवीन’ हें विशेषण लावणारांनीं हा भेद जाणूनच राखला असावा. संग्राहकांनीं १९१० पूर्वींचा कागद आणि १९१८ नंतरचा कागद यांची एकत्र जुडी बांधूं नये.

यावरून शोधाची दिशा ठरते. १९१० पूर्वींच्या शाळेसाठीं शिक्षणखात्याच्या दफ्तरापेक्षां गृहखात्याचें दफ्तर आणि सरकारसाठीं देशी वृत्तपत्रांचे जे साप्ताहिक गोषवारे तयार होत ते आधीं पाहावे. मात्र फिर्यादी पक्षाच्या लेखणीस जितका विश्वास द्यावयाचा तितकाच त्यांस द्यावा. ‘ग्रंथमाला’ व ‘विश्ववृत्त’ यांचे अंक मिळाल्यास वेष्टनें व जाहिराती काढून बांधूं नयेत. वर्गणीचे दर, पत्ते व पोंच बहुधा तेथेंच असतात. १९१८ नंतरच्या काळास जनरल रजिस्टर हें मुख्य साधन. त्यांतील ‘पूर्वींची शाळा’ व ‘शाळा सोडण्याचें कारण’ या दोन रकान्यांवरून मुलें कोणत्या गांवांहून आलीं व कोणत्या सालीं गळालीं हें कळतें. जन्मतारखेच्या रकान्यावर मात्र फार भिस्त ठेवूं नये. पालकानें सांगितली तीच तारीख तेथें लिहिली जाई. बक्षिसाचीं पुस्तकें रद्दींत घालण्यापूर्वीं पहिल्या पानावरचा शिक्का, तारीख व इयत्ता तेवढी उतरून घ्यावी.