डोळा आधी वाचतो उजेड-अंधार, मग रंग

भर दुपारच्या उन्हातून चांदवडच्या रंगमहालात पाऊल टाकले की पहिले काही क्षण सगळेच काळे दिसते. मग हळूहळू लाकडी खांबांवरचे कोरीवकाम उमटू लागते आणि त्यानंतर भिंतींवरची चित्रे. होळकरांच्या काळातला, अठराव्या शतकातला हा वाडा. चित्रे काळाच्या ओघात बरीच पुसट झाली आहेत. एखाद्या ठिकाणी मूळ रंग नेमका कोणता असेल, हे सांगणेही अवघड जाते. तरीही आकृती कळते. रंग गेला, पण फिकट भिंतीवरची गडद रेषा टिकली, म्हणून चित्र टिकले.

आपल्या डोळ्यांविषयीची एक महत्त्वाची गोष्ट यात दडलेली आहे. आकार, खोली आणि अंतर ओळखताना डोळा रंगापेक्षा उजेड-अंधारातल्या फरकावर अधिक विसंबतो. चित्रकारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक होते. अजिंठ्याच्या चित्रांत चेहऱ्याला गोलाई आणण्यासाठी कडेला गडद छटा आणि नाकावर उजळ ठिपका दिलेला दिसतो. ‘विष्णुधर्मोत्तर’ या ग्रंथातल्या चित्रसूत्रात अशा छटाकामाला ‘वर्तना’ म्हटले असून तिचे प्रकारही सांगितले आहेत. ज्यांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, त्यांना सरांची सूचना आठवत असेल : ‘डोळे किलकिले करून बघा.’ डोळे किलकिले केले की बारकावे पुसले जातात आणि उजळ व गडद असे मोठे भाग तेवढे उरतात. चित्राचा सांगाडा तोच असतो.

चित्रकाराची अडचण मोठी असते. भर उन्हात सुमारे एक लाख लक्स इतका प्रकाश असतो, तर घराच्या खोलीत तो शंभर-दोनशे लक्सवर येतो. म्हणजे फरक काही शेकडा पटींचा. चित्रकाराच्या हातात मात्र कागदाचा पांढरा आणि रंगपेटीतला काळा एवढेच. पांढरा कागद त्याच्यावर पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ८० ते ९० टक्के परत पाठवतो, काळा रंग चार-पाच टक्के. दोघांतला फरक जेमतेम वीस पट. इतक्या तुटपुंज्या भांडवलावर सूर्य, दिवा किंवा चांदणे दाखवायचे कसे?

उत्तर सावळाराम हळदणकर यांच्या प्रसिद्ध चित्रात पाहायला मिळते. सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या या चित्रकाराने आपल्या मुलीला समोर उभे करून ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र काढले. आज ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. हातात दिवा घेतलेली स्त्री, ज्योतीसमोर आडवा धरलेला हात, बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड आणि चेहऱ्यावर पडलेली त्याची आभा. अनेकांना ते चित्र राजा रविवर्म्याचे वाटते. जलरंगात सर्वांत उजळ जागा म्हणजे कागदाचा पांढरेपणाच. कागद काही ज्योतीसारखा पेटत नाही. पण भोवतीची सगळी जागा हळदणकरांनी गडद केली आणि तोच कागद तेजाळला. त्यांनी प्रकाशाची मात्रा रंगवली नाही, फरक रंगवला.

हे जमते, कारण डोळाही फरकच मोजतो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, म्हणजे नेत्रपटलावर, बारा कोटींहून अधिक प्रकाशग्राही पेशी असतात. मेंदूकडे जाणाऱ्या दृष्टिचेतेत तंतू असतात फक्त दहा लाखांच्या आसपास. प्रत्येक पेशीची खबर जशीच्या तशी पाठवणे शक्यच नाही. म्हणून नेत्रपटल आधीच काटछाट करते. एखाद्या ठिपक्यावर किती प्रकाश पडला यापेक्षा तो शेजारच्या ठिपक्याहून किती जास्त किंवा कमी आहे, ही खबर पुढे जाते. जिथे सगळे सारखे, तिथे सांगण्यासारखे थोडेच असते. जिथे उजेड-अंधाराची सीमा येते, तिथे संदेशांचा जोर वाढतो. त्यामुळेच राखाडी कागदाचा एकच तुकडा काळ्या पुठ्ठ्यावर उजळ आणि पांढऱ्या पुठ्ठ्यावर मळकट दिसतो. घरी करून पाहावा असा हा पाच मिनिटांचा प्रयोग आहे.

यापुढची गोष्ट अधिक नवलाची. मेंदूत पोहोचल्यावर दृष्टीची कामे साधारणपणे वाटून घेतली जातात. वस्तू काय आहे, तिचा रंग कोणता, हे एक यंत्रणा पाहते. वस्तू कुठे आहे, किती खोल आहे, हलते आहे का, हे पाहणारी दुसरी यंत्रणा मात्र जवळजवळ रंगांध असते. तिला कळतो तो बहुतांशी उजेड-अंधार. क्लोद मोने यांच्या १८७२ सालच्या ‘इम्प्रेशन, सनराइज’ या चित्रातला नारिंगी सूर्य थरथरल्यासारखा वाटतो. हार्वर्डमधील मेंदूशास्त्रज्ञ मार्गारेट लिव्हिंगस्टन यांनी त्याचे कारण दाखवून दिले. त्या सूर्याचा रंग भोवतीच्या ढगांहून अगदी वेगळा, पण उजळपणा जवळपास तेवढाच आहे. चित्राची कृष्णधवल प्रत काढली तर सूर्य जवळपास नाहीसा होतो. रंग पाहणाऱ्या यंत्रणेला सूर्य दिसतो, जागा ठरवणाऱ्या यंत्रणेला तो नीट सापडत नाही, आणि या ओढाताणीत तो स्थिर वाटत नाही.

चित्रात ही गंमत आहे. जिन्यावर ती धोका ठरते.

जुने वाडे, देवळे आणि घाट यांच्या पायऱ्या आपल्याकडे काळ्या दगडाच्या, म्हणजे बेसाल्टच्या. वरची पायरी काळी, खालचीही काळी. सावली असेल तर दोघींच्या मधली कड डोळ्याला मिळतच नाही. तरुण डोळा थोड्याशा फरकावर वेळ मारून नेतो. वयानुसार मात्र बाहुली लहान होत जाते, डोळ्यातले भिंग पिवळसर आणि धूसर होते. साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो, असा तज्ज्ञांचा ढोबळ अंदाज आहे. शिवाय धूसर भिंगातून प्रकाश विखुरतो आणि उजळ-गडदमधला फरक आणखी पातळ होतो.

छटांमधला हा बारीक फरक ओळखण्याच्या क्षमतेला ‘कॉन्ट्रास्ट सेन्सिटिव्हिटी’ म्हणतात. नेहमीच्या तपासणीत आपण पांढऱ्या तक्त्यावरची ठळक काळी अक्षरे वाचतो. अक्षरे लहान होत जातात, काळेपणा मात्र तोच राहतो. त्यामुळे शेवटची ओळ वाचणाऱ्या माणसालाही संध्याकाळी अंगणातली पायरी दिसत नाही, असे होऊ शकते. ‘चष्म्याचा नंबर बरोबर आहे म्हणतात, पण नीट दिसत नाही,’ अशी तक्रार घरातल्या आजी-आजोबांनी केली तर ती हट्टाची समजू नये. यासाठी १९८८ मध्ये तयार झालेला पेली-रॉबसन तक्ता वापरतात. त्यात अक्षरांचा आकार सारखाच राहतो, फक्त ती फिकट होत होत कागदात विरून जातात. मोतीबिंदू, काचबिंदू आणि मधुमेहामुळे नेत्रपटलावर होणारे परिणाम, या तिन्हींत ही क्षमता घटते. काही वेळा तक्त्यावरची ठळक अक्षरे अजून वाचता येत असतानाही.

रात्री मुंबई-आग्रा महामार्गावर समोरच्या गाडीचे दिवे पूर्वीपेक्षा जास्त दिपवू लागले, रस्त्याची कड सापडेनाशी झाली, धुरकट प्रकाशात माणसे ओळखणे जड जाऊ लागले, तर ‘वय झाले’ म्हणून सोडून न देता डोळ्यांच्या डॉक्टरांना हीच लक्षणे याच शब्दांत सांगावीत. मधुमेह असलेल्यांनी तक्रार नसली तरी वर्षातून एकदा नेत्रपटल तपासून घ्यावे. नजर अचानक अंधूक झाली किंवा डोळ्यांपुढे पडदा आल्यासारखे वाटले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

तपासणी आणि उपचारांबरोबर चित्रकाराची युक्ती घरातही वापरता येते. काळ्या किंवा गडद पायरीच्या कडेला दोन इंच रुंदीचा पांढरा पट्टा रंगवावा. पायऱ्या पांढऱ्या फरशीच्या असतील तर पट्टा गडद हवा. लाल पायरीवर हिरवा पट्टा रंगीत दिसला तरी दोघांचा उजळपणा सारखा असल्यास फारसा उपयोग नाही. खात्री करायची सोपी रीत अशी : मोबाइलवर पायरीचा फोटो काढून तो कृष्णधवल करावा. पट्टा ठळक उरला तर काम झाले. विरघळला, तर रंग बदलावा. पट्टा खरखरीत असावा, गुळगुळीत नको. पायरीवर सावली पडणार नाही असा दिवाही लावावा.

हीच नजर न्हाणीघरात फिरवावी. पांढऱ्या फरशीवर पांढरे स्टूल, पांढऱ्या भिंतीवर पांढरी आधाराची दांडी, हे दिसायला नीटनेटके, पण वृद्धांसाठी अदृश्य. स्टूल आणि दांडी गडद रंगाची घ्यावी. काळ्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर काळ्या मुठीची सुरी ठेवू नये. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला मात्र फिकट फरशीवरचे गडद पायपुसणे खड्ड्यासारखे वाटू शकते, म्हणून तिथे फरशीच्याच छटेचे वापरावे.

ताटाचेही तेच. पांढऱ्या थाळीत भात आणि पांढऱ्या वाटीत दही वाढले, तर अधू नजरेच्या माणसाला किती उरले आहे हेच कळत नाही. बोस्टनमधील संशोधकांनी २००४ मध्ये अल्झायमरच्या नऊ रुग्णांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पांढऱ्याऐवजी गडद लाल भांड्यांत वाढल्यावर त्यांचे जेवण सुमारे २५ टक्क्यांनी वाढले. अभ्यास अगदी लहान होता, त्यामुळे तेवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येणार नाही. पण गडद ताटात भात वाढून पाहायला खर्च तो किती?

रंगमहालातून परत निघताना उंबरठ्यावर क्षणभर थांबावे. उजेडाशी डोळे जुळू द्यावेत. मग एकदा डोळे किलकिले करून समोरच्या पायऱ्या पाहाव्यात. घरी आल्यावर तसेच आपल्या जिन्याकडे पाहावे. ज्या कडा त्या किलकिल्या नजरेला दिसत नाहीत, त्या आपल्या आईवडिलांना आजच दिसत नसतील. त्या कडा रंगवायला चित्रकार असावे लागत नाही, एक ब्रश आणि पांढरा रंग पुरतो.