माळवदावर खोली

मुलाचं लग्न ठरलं की माळवदावर एक खोली काढू, असं मनात येतं. पण आधी खालची भिंत पाहा. आपल्या सोलापूर भागातल्या जुन्या भिंती दगड व चिखलाच्या. वर लाकडं आणि मातीचा जाड थर. गळू लागलं की आपण आणखी माती टाकतो. ओझं वाढतच जातं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. अशीच घरं कोसळली, हजारो माणसं झोपेतच गेली.

म्हणून भिंत इंजिनियरला दाखवा. ती पेलणार नसेल, तर खोली शेजारी जमिनीवर काढा.

मग ग्रामपंचायतीत जा. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात कलम 52 बांधकामाच्या परवानगीचं आहे. लहान जागेला आता थोडी सूट आहे, तरी उतारा, नकाशा व इंजिनियरचा दाखला द्यावा लागतो. सरपंच नुसतं ‘बांधा की’ म्हणाले, ती परवानगी नव्हे. अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.